गाडी ‘मिसिंग’ का मारते? पिकअपच्या बोनेटखालचा विज्ञानाचा पाठ



सुपा हे पारनेर तालुक्यातलं, नगर-पुणे हमरस्त्यावरचं गाव. एका अंगाला एमआयडीसी आणि दुसऱ्या अंगाला कांदा, ज्वारी, दूध पिकवणारी खेडी. त्यामुळं इथल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरासमोर पिकअप, छोटा हत्ती किंवा तसलीच एखादी मालाची गाडी उभी असते. कुणाचे वडील नेप्तीच्या बाजाराला कांदा नेतात, कुणाचे पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी, तर कुणाची गाडी एमआयडीसीतल्या कारखान्याला लावलेली. गाडीवर हप्ता असतो. ती दोन दिवस गॅरेजला उभी राहिली की घरातलं गणित बिघडतं, आणि मुलाच्या शाळेच्या सहलीचे पैसेही त्याच गणितात असतात.

ह्या गाड्यांचं एक हमखास दुखणं म्हणजे ‘मिसिंग’. मुलं हा शब्द घरी ऐकतात, आपणही ऐकतो, पण त्याचा अर्थ फारसं कुणी समजावून सांगत नाही. गॅरेजमध्ये संवाद ठरलेला असतो. “मेस्तरी, गाडी मिसिंग मारतीये.” “प्लग बदलून बघू.” मग प्लग बदलतात. दोन दिवसांनी परत तेच. “कॉइल बदलून बघू.” मग “पंप बघू.” माझ्या मते ह्या सगळ्यात महागडा शब्द ‘बघू’ हाच आहे. अंदाजानं एकेक भाग बदलत गेलं की कधीतरी गाडी नीट होतेही, पण तोवर चांगले असलेले तीन-चार भाग भंगारात गेलेले असतात. मिसिंग शोधण्याची एक रीत आहे, ती विज्ञानाचीच रीत आहे, आणि आठवी ते दहावीच्या मुलांना ती सहज समजते. आज तीच बघूया.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये चार टप्पे होतात. हवा आत घेणं, ती दाबणं, पेटवून ताकद मिळवणं, धूर बाहेर टाकणं. ह्या चार टप्प्यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. म्हणजे दोन फेऱ्यांत एका सिलिंडरला एकदाच ताकद लावायची पाळी येते. ती पाळी आली आणि आतलं इंधन पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं, तर ती पाळी चुकली. हेच मिसिंग, पुस्तकी भाषेत मिसफायर.

फळ्यावर हे गणित घ्या. चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे फिरतंय. प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटणार, चारही मिळून १६००. एकच सिलिंडर पूर्ण बंद पडला तर मिनिटाला ४०० ठोके गळाले. हमरस्त्यावर ३००० फेऱ्यांना गाडी असेल तर एक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो. मुलांना ‘सेकंदाला २५’ हा आकडा फार आवडतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत आठ-दहा स्फोट होऊन जातात!

आजीच्या काळात दोघी-तिघी मिळून एकाच उखळात कांडण करायच्या. प्रत्येकीच्या मुसळाचा ठोका ठरलेल्या वेळी पडायचा. एकीचा ठोका चुकला की ताल मोडायचा, आणि घरात बसलेल्यालाही ते कानाला कळायचं. चार सिलिंडरचंही तसंच आहे. बहुतेक चार सिलिंडरी इंजिनांत ठोक्यांचा क्रम १-३-४-२ असा असतो. अनुभवी मेस्तरी मिसिंग कानानं ओळखतो ते ह्याच तालावरून.

गाडीतला संगणकही काही वेगळं करत नाही. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्रावर एक सेन्सर लक्ष ठेवून असतो. एखादा ठोका चुकला की चक्राची गती कणभर मंदावते. कुणाच्या पाळीला ती मंदावली हे पाहून संगणक ठरवतो की दोष तीन नंबरच्या सिलिंडरचा आहे की एक नंबरच्या. गंमत म्हणजे फार खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके उलट क्रँकपर्यंत पोचतात आणि संगणकाचीही फसगत होऊ शकते. म्हणून गाडी तयार करणाऱ्यांना ‘हा खड्डा आहे, मिसिंग नाही’ एवढं ओळखण्याची सोय वेगळी करावी लागते. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्या सोयीला चांगलंच काम असणार.

टर्बो आणि सुपरचार्जर

सुपरचार्जर म्हटलं की हल्लीच्या मुलांना मोबाइलचं चार्जिंग आठवतं. त्याचा इथं काही संबंध नाही. इंजिनाला जास्त ताकद हवी असेल तर जास्त इंधन जाळायला हवं, आणि जास्त इंधनाला जास्त हवा हवी. पिस्टन स्वतःच्या ओढीनं जेवढी हवा घेतो तिच्यापेक्षा जास्त हवा दाबून भरायची, एवढीच ही युक्ती. चुलीवर फुंकणी मारतो तसंच.

फुंकणी मारणारा पंप कशावर चालतो ह्यावरून नाव बदलतं. क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर चालला तर सुपरचार्जर. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरला तर टर्बोचार्जर. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्याच घाटणीची यंत्रं पुढं मोटारींवर सुपरचार्जर म्हणून बसली. धुराच्या जोरावर हवा दाबायची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी ह्यांची, पेटंट १९०५ चं.

अमेरिकेत फोर्डची रॅप्टर आर किंवा रॅमची टीआरएक्स अशा आठ सिलिंडरच्या, खऱ्याखुऱ्या सुपरचार्जरच्या पिकअप विकल्या गेल्या. तिकडं त्या हौसेच्या गाड्या. आपल्या रस्त्यावर मात्र कष्टाच्या गाड्या, आणि त्यांना टर्बो. बोलेरो पिकअप, दोस्त, योद्धा ह्यांच्या डिझेल इंजिनांना टर्बो असतो. (जाता जाता, आपण सरसकट ज्याला ‘टेंपो’ म्हणतो तो शब्द मुळात जर्मन कंपनीचं नाव. तिच्या सहकार्यानं १९५८ मध्ये बजाज टेंपो सुरू झाली, आणि ती उभी करणारं फिरोदिया घराणं आपल्या नगरचं.)

आता मुद्द्याची गोष्ट. पट्ट्यावर चालो की धुरावर, दाबून हवा भरलेल्या इंजिनाचं मिसिंग साध्या इंजिनापेक्षा थोडं फसवं असतं. गाडी दारात उभी असताना घड्याळासारखी चालते. रिकामी सुप्यातून फिरवून आणली तरी काही नाही. पण माल भरून कामरगावच्या घाटासारख्या चढाला लागली, पाय दाबला, की झटके सुरू! गॅरेजला आणली की परत शहाणी. मालक म्हणतो मिसिंग आहे, मेस्तरी म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

असं का होतं ते पेट्रोल आणि सीएनजीच्या गाडीत नीट समजतं, म्हणून आधी तिकडं वळू. प्लगच्या टोकाला दोन धातूंमध्ये एक बारीक फट असते, साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. ठिणगीला ही फट ओलांडायची असते. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. पण सिलिंडरमध्ये हवा मोकळी नसते, दाबलेली असते, आणि हवा जितकी दाट तितका ठिणगीला विरोध जास्त. ढोबळ हिशोबासाठी असं समजा की दाब जितक्या पट वाढला तितक्या पट व्होल्ट जास्त लागतात.

समजा साध्या इंजिनात दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला १५,००० व्होल्ट लागतायत. आता टर्बोनं किंवा सुपरचार्जरनं हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या १.७ पट केला. मग ठिणगीलाही त्याच प्रमाणात, म्हणजे २५,००० च्या घरात व्होल्ट लागतील. कॉइल म्हातारी झाली असेल आणि तिच्याकडून जेमतेम १८,००० निघत असतील, तर दारात गाडी छान चालणार आणि चढाला गचके देणार. प्लग झिजून फट रुंदावली असेल तरीही तेच, कारण फट वाढली की लागणारे व्होल्ट वाढतात. म्हणूनच अशा इंजिनांत प्लगची फट मुद्दाम कमी ठेवतात. ती अंदाजानं नव्हे, गाडीच्या पुस्तकात दिली असेल तेवढीच ठेवायची.

सीएनजीला टर्बो नसला तरी हेच दुखणं दिसतं. पेट्रोलच्या मानानं ह्या वायूचं मिश्रण पेटवायला ठिणगीवर जास्त ताण येतो. त्यामुळं ‘पेट्रोलवर चांगली चालते, गॅसवर टाकली की मिसिंग’ ही तक्रार आली तर गॅसच्या किटकडं बोट दाखवण्याआधी प्लग आणि कॉइल तपासावी.

आता रस्त्याकडेची ती प्रसिद्ध तपासणी आठवा. प्लग काढायचा, बॉडीला टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि म्हणायचं, “ठिणगी झकास पडतीये, प्लग चांगलाय.” पण ती ठिणगी कुठं पडली? मोकळ्या हवेत. तिला ३००० व्होल्ट पुरले. सिलिंडरच्या आत तिला त्याच्या पाच-आठ पट हवेत. म्हणजे ह्या तपासणीनं ठिणगी ‘अजिबात नाही’ एवढं कळू शकतं, पण ‘पुरेशी आहे’ हे कळत नाही. वर एवढ्या व्होल्टचा झटका आणि पेट्रोलची वाफ जवळजवळ, तेव्हा ही तपासणी न केलेलीच बरी.

वर्गात इथं जरूर थांबा. ज्या परिस्थितीत दोष दिसतो त्याच परिस्थितीत तपासणी झाली पाहिजे, ही गोष्ट मुलांना एरवी कितीही सांगितली तरी डोक्यावरून जाते. प्लगच्या उदाहरणानं ती एका झटक्यात कळते. दहावीच्या विज्ञान भाग १ मधल्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ ह्या पाठालाही हे जोडता येतं. बॅटरीचे १२ व्होल्ट हजारोंत कसे जातात? कॉइलमध्ये कमी वेढ्यांची आणि खूप जास्त वेढ्यांची अशा दोन गुंडाळ्या असतात. पहिलीतला प्रवाह एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसरीत प्रचंड व्होल्ट निर्माण होतात. विद्युत चुंबकीय प्रवर्तन शिकवताना हेच तर सांगतो आपण.

शोधायचं कसं?

पाना हातात घेण्याआधी मालकाला प्रश्न विचारायचे. डॉक्टर आधी नाडी बघतो, मग तपासण्या लिहून देतो, तसं. मिसिंग उभ्या गाडीत आहे की लोडवर? थंड असताना की तापल्यावर? पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतं का? ठोके एका तालात चुकतात की कसेही? कालपरवा काय काम केलं होतं, कुठून इंधन भरलं होतं?

ह्या उत्तरांतच अर्धा उलगडा असतो. लोडवर चुकतंय तर संशय ठिणगीवर किंवा इंधनाच्या पुरवठ्यावर. उलट, उभ्या गाडीत थरथर आणि वेग वाढवला की कमी होतं, तर सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असण्याची शक्यता जास्त. वेगात एकेका ठोक्याला वेळच कमी मिळतो, म्हणून गळायलाही वेळ कमी मिळतो. ओलाव्यात वाढतं तर प्लगची वायर किंवा कॉइलचं रबर तडकलेलं असू शकतं. आणि खूपदा ते मिसिंग नसतंच! इंजिनाचं माउंटिंग तुटलेलं असतं, किंवा क्लच झटका देत असतो.

मग डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा. तो सतत पेटलेला असेल तर गाडी लवकर दाखवायची. पेट्रोल गाडीत तो लुकलुकायला लागला तर पाय काढायचा, गाडी हळू घ्यायची आणि शक्य तितक्या लवकर बाजूला लावायची. कारण न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. एका प्लगच्या दुखण्यापायी कन्व्हर्टर गमावणं म्हणजे खिळ्यासाठी घोडा घालवण्यातला प्रकार. पालकांनी आजच्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पुढं स्कॅनर. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांना आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी-०३०० म्हणजे मिसिंग आहे, पण कुठल्या एका सिलिंडरचं ते ठरत नाही. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी-०३०३ म्हणजे तिसरा. इथं एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. स्कॅनर भाग सांगत नाही. ‘तीन नंबरला कॉइल टाका’ असं तो कधीच म्हणत नाही. ‘तीन नंबरचा ठोका चुकतोय’ एवढंच म्हणतो. वर्गात बाकावरून आवाज आला एवढं कळलं, का आला ते अजून विचारायचंय.

ते विचारायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे अदलाबदल. समजा पी-०३०३ आलाय. नवीन काही आणायचं नाही. इंजिन बंद करून तीन नंबरची कॉइल एक नंबरवर बसवायची आणि एकची तीनवर. कोड पुसायचा. मग पुन्हा तोच लोड, तोच चढ. आता कोड पी-०३०१ आला तर? दोष कॉइलबरोबर चालत एक नंबरला गेला, म्हणजे कॉइलच खराब. एकच कॉइल आणायची. कोड पी-०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टरची. तरीही दोष तीन नंबर सोडत नसेल तर तो त्या सिलिंडरच्या घरातच आहे, म्हणजे कॉम्प्रेशनमध्ये.

अट एकच, आणि ती मुलांकडून वदवून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले आणि दोष हलला, तर कुणामुळं हलला? उत्तर देता येत नाही. प्रयोगवहीत आपण ‘बाकी घटक स्थिर ठेवा’ असं लिहायला लावतो, त्याचं याहून रोकडं उदाहरण मला तरी माहीत नाही.

काढलेला प्लगही बोलतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी सुकी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी कमी. ओला, पेट्रोलचा वास, म्हणजे पेटलंच नाही. तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. पांढराफटक, फोड आलेला, म्हणजे जास्त तापलाय. हा शेवटचा प्रकार टर्बोच्या गाडीत गंभीर, कारण हवा भरपूर आणि इंधन कमी अशा अवस्थेत दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. इंधनाचा फिल्टर तुंबला किंवा पंप थकला की उभ्या गाडीत पुरतं तेवढं इंधन चढाला पुरत नाही, आणि हे घडतं.

कॉम्प्रेशन मोजायला प्लगच्या जागी गेज लावतात. पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते १८० पीएसआयच्या आसपास येतो. पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरची आपसातली तुलना महत्त्वाची. तीन ठिकाणी १६५ आणि एका ठिकाणी ११० आला तर चोर सापडला. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलनं तात्पुरती फट बुजवली. नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट उडाल्याचा संशय घ्यायचा. सीएनजीवर फार चाललेल्या गाडीत वॉल्व्हच्या बैठका झिजतात, टॅपेटची जागा कमी होते आणि वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. अशा वेळी टॅपेट बघून सेट केले तर कधी कधी हेड न उघडताही काम भागतं.

डिझेलची गोष्ट वेगळी

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पिकअप डिझेलच्या, आणि डिझेलमध्ये ठिणगी नाहीच. हवा एवढी दाबायची की ती तापून लाल व्हायची वेळ येते, आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून पंप मारला तर तो गरम लागतो, तेच तत्त्व. म्हणजे ‘डिझेल गाडीचा प्लग गेला’ असं कुणी म्हणालं तर तो ग्लो प्लग. त्याचं काम मुख्यतः थंडीत गाडी चालू करताना. त्यावरून चढावरच्या मिसिंगचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही.

डिझेलमध्ये तीनच गोष्टी बघायच्या. हवा पुरेशी दाबली जाते का, डिझेल स्वच्छ येतं का, आणि फवारा नीट पडतो का. धुराचा रंग पहिली खूण देतो. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न पेटता बाहेर येतंय. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. टर्बोच्या गाडीत काळा धूर, ताकद कमी आणि बोनेटखालून फुस्स असा आवाज, असं त्रिकूट दिसलं तर टर्बोपासून इंटरकूलरकडं जाणारी रबरी नळी आधी बघा. क्लॅम्प ढिला होऊन किंवा नळी चिरून दाबलेली हवा वाटेतच निसटत असते. हे काम एका क्लॅम्पचं, पण ते न बघता टर्बोच उतरवला जाण्याचे प्रकार होतात.

डिझेलच्या फिल्टरला तळाशी पाणी साठतं, ते सोडायची सोय असते. पावसाळ्यात ती नियमित वापरावी. टाकीपासूनच्या नळीत कुठं हवा शिरत असेल तरीही इंजिन अडखळतं.

इंजेक्टरची तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती शाळेच्या प्रयोगशाळेतली वाटते. कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल परतीच्या नळीनं मागं जातं. मेस्तरी चारही परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडतो, इंजिन ठरावीक वेळ चालवतो आणि बाटल्या शेजारी शेजारी धरतो. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल असेल तर तो इंजेक्टर आतून गळतोय. चार बाटल्या, सारखा वेळ, उंचीची तुलना! सहावीतल्या मुलालाही निकाल वाचता येईल.

एक जुनी रीत मात्र आता विसरायला हवी. पूर्वीच्या साध्या पंपाच्या डिझेल इंजिनांत मेस्तरी चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करायचा. ज्याचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. रीत हुशारीची होती. पण कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारपर्यंत जातो. पिकअपच्या टायरमध्ये साधारण साडेतीन बार असतात, म्हणजे हा दाब त्याच्या साडेचारशे पट झाला. त्या दाबानं सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत इजा मोठी असते आणि तातडीनं शस्त्रक्रिया लागू शकते. ‘थोडंसं लागलंय’ म्हणून घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. ज्यांची मुलं सुट्टीत गॅरेजला हाताखाली जातात त्या पालकांनी हे मुलाला नक्की सांगावं. चालू कॉमन रेल इंजिनाच्या नळीला पाना लावायचा नाही, मग शेजारी कितीही जुना मेस्तरी उभा असो.

वर्गात आणि घरी

ह्यावर एक तासिका सहज होते, आणि त्यासाठी इंजिन उघडायची गरज नाही. तीन टॉर्च घ्या. एकात एक सेल उलटा घाला, एकाचा बल्ब ढिला करा, एकात संपलेले सेल भरा. गटांना द्या आणि नियम सांगा. नवीन वस्तू मिळणार नाही, फक्त दुसऱ्या गटाच्या चांगल्या टॉर्चशी अदलाबदल करता येईल, आणि एका वेळी एकच वस्तू. प्रत्येक अदलाबदलीआधी वहीत लिहायचं की आता काय होईल असं वाटतं आणि का. मग करून बघायचं आणि जे झालं ते शेजारी लिहायचं. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, ही अट कडक पाळा. चुकलेल्या अंदाजानंही एक शक्यता बाद होते, तीही नोंदवायला लावा.

घरासाठी पालकांना एक चिठ्ठी करायला सांगा. ती मुलगा किंवा मुलगीच लिहील आणि बाबा गॅरेजला नेतील. गाडीचे किलोमीटर, मिसिंग पहिल्यांदा कधी जाणवलं, उभ्या गाडीत की चढाला, थंड की तापलेली, गाडी भरलेली की रिकामी, दिवा पेटला की लुकलुकला, धुराचा रंग, शेवटचा फिल्टर कधी बदलला. गॅरेजवाल्यानं काही भाग बदलला तर जुना भाग परत मागायचा आणि ‘तपासणीत काय दिसलं म्हणून बदलला’ हे चिठ्ठीच्या पाठीमागं लिहून घ्यायचं. चांगला मेस्तरी ह्यावर रागवत नाही. अशी चिठ्ठी हातात पडली की त्याचं निम्मं काम वाचतं.

ज्या मुलांचे डोळे ह्या तासाला चमकतात त्यांच्यासाठी एक माहिती. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा आणि ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड असतो. प्रवेश ऑनलाइन होतात आणि दहावीच्या निकालानंतर अर्ज सुरू होतात. स्कॅनर, मल्टिमीटर आणि कॉम्प्रेशन गेज ही तिन्ही साधनं हाताळायला मिळतात का, हे संस्थेत जाऊन आधी विचारून घ्या.